नोकरी सांभाळून स्वतंत्र संगीत : आठवड्याला सहा तास पुरतात का?

समेवर

नोकरी करत स्वतःची गाणी करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: मनापासून करायचं असेल तर नोकरी सोड. हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर खोडून काढावं, त्यासाठीच धागा काढलाय.

आधी हिशेब. घरी एकट्याने केलेलं, तीन-चार मिनिटांचं, दहाएक ट्रॅकचं (आवाज-वाद्यांच्या वेगवेगळ्या थरांचं) गाणं धरा. शब्द आणि चाल ६ तास, अरेंजमेंट (कोणतं वाद्य कुठे वाजेल ते ठरवणं) ८, रेकॉर्डिंग ६, टेक (एकेका वेळचं रेकॉर्डिंग) निवडणं आणि साफसफाई ४, मिक्स (सगळे थर एकत्र तोलणं) ८, कव्हर-क्रेडिट-अपलोड ३. एकूण ३५. कुणाचे चार कमी होतील, कुणाचे दहा वाढतील. आठवड्याला ६ तास काढले तर सहा आठवड्यांत एक गाणं होतं. आजारपण, पाहुणे, ऑफिसातली गडबड धरूनही वर्षाला सात गाणी. पूर्ण वेळ संगीत करणारे कितीजण वर्षाला स्वतःची सात गाणी बाहेर काढतात? त्यांचा बराच वेळ जिंगल, लग्नसमारंभ आणि शिकवण्यांत जातो, कारण घरभाडं त्यातून निघतं.

स्ट्रीमिंगच्या पैशावर भरवसा ठेवू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या रेकॉर्डिंगचा मोबदलाच जमा होत नाही. सुरुवातीची बहुतेक गाणी या रेषेखाली राहतात. पगार चालू असेल तर याने झोप उडत नाही, आणि पुढचं गाणं लोकांना काय चालेल हे बघून करावं लागत नाही. चार्ल्स आइव्हज हा अमेरिकन संगीतकार १९३० पर्यंत विम्याच्या धंद्यात होता. त्या काळात लिहिलेल्या तिसऱ्या सिंफनीला १९४७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं.

खर्जवाला

माझा आक्षेप हिशेबावरच आहे. सहा तास म्हणजे कोणते सहा तास? नोकरदाराला ते सलग मिळत नाहीत, पाऊण-पाऊण तासाच्या आठ बैठका मिळतात. प्रत्येक बैठकीची पहिली पंधरा मिनिटं कॉम्प्युटर सुरू करणं, माइक लावणं, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) बघणं आणि मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आठवणं यात जातात. आठ बैठकांचे दोन तास गेले, उरले चार. मग ३५ तासांच्या गाण्याला सहा नाही, नऊ आठवडे लागतात. नवव्या आठवड्यात स्वतःचीच चाल कानाला शिळी वाटते आणि माणूस नवीन गाणं उघडतो. अर्धवट गाण्यांचे फोल्डर असेच भरतात.

दुसरं म्हणजे अरेंजमेंट तुकड्यांत होत नाही. मुखड्यात गिटारने कुठे जागा सोडली, त्या जागेत पुढे बासरी येणार का, येणार असेल तर तिथला ड्रमचा फिल (छोटा भरीचा तुकडा) काढायचा का, मग अंतऱ्याकडे वळताना कोण ढकलणार, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. ते धागे हातात यायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात उठायची वेळ होते.

आइव्हजची गोष्ट अर्धी सांगितलीत. १९१८ मध्ये त्याची तब्येत ढासळली, १९२७ च्या सुमारास नवीन लिहिणं जवळजवळ थांबलं, आणि ती तिसरी सिंफनी वाजली १९४६ मध्ये. नोकरीमुळेच असं झालं असं म्हणणार नाही, पण उदाहरण म्हणून ते तुमच्या बाजूचं नाही. रशियन संगीतकार बोरोदिन बघा. पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक. 'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा १८६९ मध्ये हाती घेतला. १८८७ मध्ये तो गेला तेव्हाही अपुराच होता. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांनी तो पुरा केला.

निषाद

पंधरा मिनिटं जातात हे खरं, पण ती जायलाच हवीत असं नाही. तीन मिनिटांवर आणता येतात. नोकरी सांभाळणाऱ्याने चाल लावण्याआधी हे शिकावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

माइक स्टँडवरून काढायचाच नाही. काम झालं की माइकला वीज देणारं ४८ व्होल्ट फँटम बंद, माइकवर कापडी पिशवी, केबल जागच्या जागी. स्टँडचे पाय आणि गाणाऱ्याची पावलं जमिनीवर टेपने आखून ठेवायची. इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीच्या) गेनच्या बटणाशेजारी कागदी टेप चिकटवून दोन खुणा करायच्या, एक आवाजाची, एक गिटारची. सर्वांत जोरात गायलेल्या ओळीला मीटर उणे १२ ते उणे १० डीबीच्या दरम्यान यायला हवा. २४ बिटवर याहून वर नेण्याची काही गरज नसते, आणि वर नेलं की भावनेच्या भरात गायलेला नेमका चांगला टेक क्लिप होतो, म्हणजे फाटतो.

टेम्प्लेट (प्रोजेक्टचे तयार साचे) दोन ठेवा. गाण्याच्या टेम्प्लेटमध्ये बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल हाताळतो ते) १२८, मिक्सच्या टेम्प्लेटमध्ये १०२४. ४८ किलोहर्ट्झवर १२८ म्हणजे एका बाजूने २.७ मिलिसेकंद उशीर, १०२४ म्हणजे २१. रविवारी मिक्स करून बफर १०२४ वर राहतो, मंगळवारी घाईत तसंच गायला उभं राहतो, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, आणि सगळा टेक ठेक्याच्या मागे ओढलेला निघतो. आवाज बसत नाहीये असं वाटून माणूस स्वतःला दोष देतो, चूक मात्र सेटिंगची असते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज कॉम्प्युटरमधून न जाता थेट हेडफोनमध्ये) असेल तर ते लावा, प्रश्नच मिटतो.

शेवटची पाच मिनिटं काम करायचं नाही, चिठ्ठी लिहायची. प्रोजेक्टच्या नोट्समध्ये, आणि नेमकी. "मिक्स सुधारणे" ही चिठ्ठी निरुपयोगी. "दुसरा अंतरा, ४८व्या बारपासून बास आणि किक ड्रम एकमेकांवर चढतात, बासमध्ये ८० हर्ट्झला २ डीबी कमी करून बघ" ही चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालायला लागतात. सोबत एक एमपी३ काढून फोनवर टाकायची. कामावर जाता-येता दोनदा ऐकली की पुढची चिठ्ठी तयार होते.

अजून एक, सॉफ्टवेअर वाद्यं त्याच आठवड्यात ऑडिओत उतरवून ठेवा. नऊ आठवड्यांच्या कामात मध्ये कुठलं तरी प्लगइन (असं वाद्य चालवणारं जोड-सॉफ्टवेअर) अपडेट होतं आणि जुना पॅच (त्यातला निवडलेला आवाज) वेगळाच वाजतो.

खर्जवाला

चिठ्ठीचा मुद्दा पटला. बफरचाही. पण त्याने रेकॉर्डिंग आणि मिक्स सुटतं. अरेंजमेंटचं मी जे म्हटलं ते तसंच उभं आहे, आणि कार्यक्रमांबद्दल तर अजून कुणी बोललंच नाही. तासाभराच्या कार्यक्रमाला सामान नेणं, अर्धा-एक तास साउंडचेक, वाट बघणं, वाजवणं, आवरणं धरून सहा-सात तास जातात. तुमचा सगळा आठवडा एका संध्याकाळी संपला. स्वतंत्र गाण्याला श्रोता मिळतो तो समोर वाजवूनच. ओळखीपाळखी होतात त्या नवख्यांना मिळणाऱ्या आडवारच्या कार्यक्रमांत, आणि नोकरदार नेमका तिथे नसतो.

कोमल धैवत

वेळेवर चर्चा चालली आहे, पण कान आणि गळा यांचा हिशेब कुणी मांडत नाही. त्यात दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळेल.

मिक्सच्या बाबतीत छोट्या बैठका हा तोटा नाहीच, फायदा आहे. तासभर मोठ्या आवाजात ऐकलं की कान थकतात, तिखटपणा कमी जाणवतो, आणि माणूस वरच्या पट्ट्या (आवाजातला तीव्र स्वरांचा भाग) वाढवत बसतो. सकाळी तेच ऐकलं की कानाला टोचतं. पाऊण तासाने सक्तीने उठणारा माणूस यातून वाचतो. बोलण्याचा आवाज ऐकू येईल इतक्याच पातळीवर मिक्स करा आणि शेवटची दहा मिनिटं थोडा आवाज वाढवून बासचा तोल तपासा, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे.

तालमीचं मात्र उलट. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निओश या संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला फक्त पंधरा मिनिटं. छोट्या खोलीत ड्रमसोबत तीन तास तालीम केली की ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. त्या रात्री मिक्स उघडूच नका. संगीतकारांसाठीचे, सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करणारे इअरप्लग घाला. फोमचे वरचे स्वर जास्त कापतात, म्हणून लोक ते काढून टाकतात.

गळ्याचं म्हणाल तर दिवसभर बोलायची नोकरी असेल, शिकवणं, विक्री, फोनवरचं काम, तर संध्याकाळी मुख्य आवाज रेकॉर्ड करायचाच नाही. सूर लागतो, पण लांब स्वर शेवटी खाली बसतो आणि हरकत जड येते. संध्याकाळ एडिटिंगला द्या, आवाज सुट्टीच्या दिवशी घ्या. तोही उठल्या उठल्या नाही, तेव्हा स्वरतंतू किंचित सुजलेले असतात आणि आवाज खाली असतो. उठून दोन-तीन तासांनी. आधी अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून, बुडबुडे काढत "ऊ" वर खालून वर आणि वरून खाली सरकायचं, पाच मिनिटं. मग सरगम. सलग चार पूर्ण टेक घ्या, आणि ओळीओळीने निवड दुसऱ्या दिवशी करा. त्याच दिवशी निवडलं तर ज्या टेकला जास्त मेहनत पडली तोच चांगला वाटतो.

समेवर

गळ्याचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता, तो मान्य. म्हणजे सहा तासांतले निदान दोन सुट्टीच्या सकाळचेच असायला हवेत. पण खर्जवाला, बोरोदिनचं अठरा वर्षांचं उदाहरण नोकरीवर ढकलू नका. मर्यादा नसलेलं काम पूर्ण वेळ असूनही अठरा वर्षं चालतं. नोकरदाराने तारीख आधी ठरवावी. गाणं चार आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) द्यायचं, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते प्लेलिस्टसाठी त्या तारखेच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं आणि फाइल पोहोचायलाही काही दिवस जातात. तिथून मागे मोजत आलं की अरेंजमेंट कधी बंद करायची ते आपोआप कळतं.

पडदा

मध्येच एक कोरडा पण गरजेचा मुद्दा. नोकरीच्या करारात दोन कलमं वाचा: बाहेरचं काम करण्यावर बंदी, आणि तुम्ही नोकरीत असताना केलेल्या निर्मितीवर मालकाचा हक्क. दुसरं कलम कधी कधी इतकं मोघम लिहिलेलं असतं की गाणंही त्यात बसवता येईल. म्हणून ऑफिसचा लॅपटॉप नको, ऑफिसचा मेल नको, ऑफिसची वेळ नको. परवानगी लेखी घ्या, आणि गाण्याला पैसे मिळायला लागायच्या आधी घ्या. सोबत वाजवणाऱ्यांचा वाटाही रेकॉर्डिंगच्याच दिवशी लिहून ठेवा. चाल-शब्दांचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींची टक्केवारी स्वतंत्र लिहा. डिस्ट्रिब्युटर बदलताना जुनाच आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) द्या, नवा घेतला तर जुने स्ट्रीम नव्या अपलोडला जोडले न जाण्याचा धोका असतो.

निषाद

नोकरी हवी की नको यापेक्षा कोणती नोकरी हे विचारा. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास चाळिशी गाठेपर्यंत टॅक्सी चालवत होते, नळजोडणीचं काम करत होते. ही कामं पाळी संपली की डोक्यातून जातात. रात्री अकराला मेल येणारी, पगार दुप्पट असलेली नोकरी संगीताला जास्त महाग पडते. शक्य असेल त्यांनी पगारवाढ मागताना पैशाऐवजी चार दिवसांचा आठवडा मागावा.

खर्जवाला

चार दिवसांचा आठवडा मिळाला तर माझे निम्मे आक्षेप मागे घेतो. कार्यक्रमांचा राहतोच. आणि तो पाचवा दिवस कशासाठी वापरायचा हे आधी ठरलेलं हवं: सकाळी दोन तास आवाज, मग फोन बंद करून चार तास अरेंजमेंट, तेवढंच. कव्हर, अपलोड, मास्टरची (अंतिम फाइलची) आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएस ठेवायची की काय, ही कामं पाऊण तासाच्या बैठकांत बसतात. मिक्सही बसतो, कोमल धैवत यांनी सांगितलंच आहे. त्या सलग दिवशी जुना मिक्स "फक्त एकदा ऐकतो" म्हणून उघडलात तर चार वाजेपर्यंत तुम्ही स्नेअर ड्रमचा आवाज घासत बसलेले असता आणि अंतरा तिथेच रिकामा असतो.