बाबांना स्टेंट आहे, युरोप टूरसाठी इन्शुरन्स कुठला बघू?

कोथरूडकर: आईबाबा (६८ आणि ७१) सप्टेंबरमध्ये ग्रुप टूरने युरोपला चाललेत. बाबांना बीपी, शुगर आणि स्टेंट. टूरवाले म्हणतायत इन्शुरन्स पॅकेजमध्येच आहे, पण कागद वाचला तर जुन्या आजारांचं काहीच धड कळत नाहीये. वेगळा घेऊ का?

सिंहगडरोड: शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. मोठा आकडा बघून तर अजिबात भुलू नका, कारण ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसीत सबलिमिट असतात, म्हणजे आयसीयूचं दिवसाचं भाडं, सर्जनची फी, सगळ्याला वेगळी मर्यादा, आणि बिल त्याच्यावर गेलं की वरचे पैसे आपल्या खिशातून. पॉलिसी वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा पूर्ण कागद मागवा, ब्रोशर नको.

औंधची मावशी: अरे, फॉर्ममध्ये स्टेंट लिहाच, प्रीमियम वाढला तरी वाढू दे! क्लेमच्या वेळी जुने रिपोर्ट मागतात आणि लपवलेलं सापडलं की सरळ नकार. जुन्या आजारासाठी काही ठिकाणी फक्त जीवघेणी इमर्जन्सी कव्हर असते, तेही विचारून घे.

सिंहगडरोड: मावशी बरोबर. आणि अ‍ॅडमिट झाल्याझाल्या इन्शुरन्सवाल्यांच्या असिस्टन्स (मदतीच्या) नंबरला फोन करायचा, तो काकूंच्या मोबाईलमध्येही सेव्ह करा.

कोथरूडकर: थँक्यू दोघांना. टूरवाल्यांकडे आजच वर्डिंग मागतो, सबलिमिट निघाली तर वेगळाच घेतो.

औंधची मावशी: गोळ्यांची चिठ्ठी जेनेरिक नावांनी, म्हणजे मूळ औषधाच्या नावांनी लिहून घे डॉक्टरांकडून, आपले ब्रँड तिकडे कुणाला कळत नाहीत.