मदत हवी आहे: चर्चमध्ये अंतऱ्याला मंडळी (उपासक) गप्प होते, पट्टी (‘सा’चा सूर) कुठली धरावी?

रविवारच्या उपासनेला साधारण साठ माणसं, साथीला पेटी-तबला. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) पदं ध्रुपदापर्यंत (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीपर्यंत) सगळे मोकळेपणी म्हणतात. अंतरा (पुढचं कडवं) तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) गेला की अर्धे थांबतात. सध्या पट्टी पेटीची पांढरी चार. काळी एकला उतरवली तर अंतरा पेलतो, पण मंद्र पंचमाच्या (खालच्या ‘प’च्या) ओळींत बायकांचे आवाज बुडतात. मधली काळी दोन कुणी वापरता का? की अंतरा पुढाऱ्याने आणि ध्रुपद मंडळीने, अशी भजनाची वाटणी बरी?

शिवाय लय रेंगाळते. मागच्या रांगा पेटीचा सूर ऐकून मग शब्द उचलतात. तबल्यावर केरवा तालाची सम (पहिली मात्रा) ठळक दिली, गायकाचा माईक उतरवला तर सुधारेल का? (माईक चढला की मंडळी श्रोते होतात, हे नक्की.)