मदत हवी आहे: गुगल डॉक्समध्ये वर-खाली लिहायचे आकडे

नमस्कार मंडळी,

दादरच्या आमच्या मराठी शाळेतल्या दहावीच्या सेमी-इंग्रजी वर्गासाठी विज्ञानाचे सराव पेपर गुगल डॉक्सवर करतेय. सूत्रांतले आकडे खाली, घात आणि आयनांचे प्रभार वर. आकडा निवडून कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबलं की तो खाली जातो, कंट्रोल आणि पूर्णविरामाने वर. पण पानभर रासायनिक समीकरणं असली की एकेक आकडा निवडून हात दुखून येतो.

म्हणून टूल्स, प्रेफरन्सेस, सब्स्टिट्यूशन्स इथे पाण्याचं सूत्र टाकून ठेवलं, बदली म्हणून युनिकोडमधला (म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षर-चिन्हांच्या ठरलेल्या यादीतला) तयार छोटा आकडा असलेलं. आता टाइप केलं की आपोआप बदलतं, फार सोय झाली!

अडचण घातांची आहे. युनिकोडमध्ये वरचे १, २, ३ जुन्या लॅटिन संचात आहेत आणि ४ पासूनचे दुसऱ्या संचात. त्यामुळे काही फॉन्टमध्ये दहाचा तिसरा घात नीट दिसतो आणि चौथा वेगळ्याच आकाराचा, वेगळ्याच उंचीवर. झेरॉक्समध्ये मुलांनी तो एकशे चार वाचला तर सगळं गणितच चुकणार.

तर, हे सगळे आकडे एकसारखे दिसतील आणि देवनागरीही चांगली असेल असा फॉन्ट कोणता? आणि सल्फेट आयनात खालचा ४ आणि वरचा प्रभार बरोबर एकावर एक हवे असतील, तर इन्सर्टमधलं इक्वेशन सोडून काही मार्ग आहे का? शिक्षकांपैकी कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. सहामाही जवळ आलीय.