तबल्याच्या ऑनलाइन शिकवणीत बोटं दिसत नाहीत. लॅपटॉप बदलू का?

ठेकेदार_गिरगाव:
नमस्कार मंडळी. मी गिरगावात तबला शिकवतो. लॉकडाऊनमध्ये धरलेल्या ऑनलाइन शिकवण्या काही सुटल्या नाहीत. न्यू जर्सीची दोन भावंडं आणि नाशिकचे एक निवृत्त बँकवाले असे शिष्य आता पडद्यावर येतात. तिकडच्या पोरांची रात्र म्हणजे आपली सकाळ, म्हणून वर्ग साडेसहाला. उन्हाळाभर तक्रार नव्हती. पावसाळा लागला, चाळीच्या गॅलरीला निळी ताडपत्री बांधली आणि तेव्हापासून मी पडद्यावर शंकरासारखा निळा. रंगाचं जाऊ द्या, या वयात मला कोणी बघायला येणार नाही. पंचाईत बोटांची आहे. ठाय, म्हणजे संथ लयीत ठीक, पण तिरकिटचे बोल जरा पळवले की हाताच्या जागी नुसता पांढुरका फराटा. धाकटी परवा विचारते, "सर, 'ति' ला मधलं एकच बोट की तिन्ही?" मग थांबा, हात वर करा, सावकाश दाखवा. रेला म्हणजे सलग धावत्या बोलांची रचना, असा थांबत थांबत तो कोण शिकलंय?

लॅपटॉप जुना, कॅमेरा ७२०पी. दुकानदार म्हणतो नवा घ्या, त्यात फुल एचडी आहे. भाचा म्हणतो मोबाइल लावा. कोणाचं ऐकू?

खटपट्या:
बुवा, भाच्याचं ऐका. ७२०पी म्हणजे १२८० गुणिले ७२०, सव्वानऊ लाखांच्या आसपास ठिपके. १०८०पीला ते पावणेएकवीस लाखांच्या घरात जातात. पण तुमचं दुखणं ठिपक्यांचं नाहीच, उजेडाचं आहे. लॅपटॉपचं झाकण जेमतेम काही मिलिमीटर जाड. त्यात पडदा बसवून उरलेल्या फटीत कॅमेरा, म्हणजे भिंग चिमुकलं आणि सेन्सरही चिमुकला. मोबाइलला पाठीवर टेंगूळ काढायची मुभा असते, झाकणाला नसते.

उजेड कमी पडला की असा कॅमेरा एकेका चित्राला जास्त वेळ घेतो. एरवी सेकंदाला ३० चित्रं काढणारा मग १५ वर उतरतो. द्रुतात तुमचे सेकंदाला आठ-दहा बोल पडत असतील, तर एक चित्र निघेपर्यंत बोट खाली जाऊन वरही आलेलं असतं. तोच तुमचा फराटा. त्याच अंधारात फुल एचडी लावलात तर फराटाच जास्त ठिपक्यांचा येईल. शिवाय अंधारात चित्रावर दाणे वळवळतात, आणि ती वळवळ दाबून पाठवताना झूम-मीटची दमछाक होते. न्यू जर्सीला पोचेपर्यंत सगळा चिखल.

खोलीत जुनी चोकवाली ट्यूब आहे का? आपली वीज ५० हर्ट्झची, त्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्याचं सेटिंग ६० हर्ट्झच्या विजेचं राहिलं असेल तर चित्रावरून आडवे पट्टे सरकतात. सेटिंगमध्ये फ्लिकरचा, म्हणजे या लुकलुकीचा पर्याय सापडला तर ५० करून टाका.

फक्त_मॅक:
सरळ मॅक घ्या हो, कटकट मिटेल.

खटपट्या:
२०२० च्या एम१ मॅकबुक एअरलाही ७२०पीच कॅमेरा होता. १०८०पी आला तो २०२२ च्या एम२ ला. बुवांच्या शिकवणीची फी बघून बोला जरा.

परळची_शिवणवाली:
दादा, मी ब्लाउज शिवायला शिकवते. माझं तोंड कोणाला बघायचंय, कटोरीची टीप दिसली पाहिजे. मी त्याच मीटिंगमध्ये मोबाइलवरून पुन्हा एकदा शिरते. मोबाइल स्टँडला आडवा, मागचा कॅमेरा सुईवर. मोबाइलवर आवाज जोडायचाच नाही, नाहीतर शिट्टी वाजते आणि शेजारीण विचारायला येते. मुलींना सांगते, मोबाइलवाली चौकट पिन करा, म्हणजे पडद्यावर तीच मोठी राहते. वेगळं ॲप-बिप काही नाही.

ताडपत्रीचं म्हणाल तर तिच्यातून येणारा निळा उजेड आणि घरातला पिवळा दिवा एकत्र झाले की कॅमेऱ्याला खरा रंग कळत नाही. पिवळा बंद करा. एकच पांढरा दिवा लावा, तोही हातांच्या पुढून. पाठीमागे दिवा किंवा खिडकी अजिबात नको.

ठेकेदार_गिरगाव:
ताई, तुमची युक्ती आज करून पाहिली. स्टँड नव्हता, म्हणून स्टुलावर पेटी आणि पेटीवर मोबाइल. बोटं लख्ख! पण समोरून ठेवला तर पोरांना तबला डावीकडे आणि डग्गा उजवीकडे, ती बिचारी मनातल्या मनात उलटं करत बसली. मग मोबाइल माझ्या उजव्या खांद्यामागे नेला, खाली झुकवून. आता त्यांना माझे हात त्यांच्या स्वतःच्या हातांसारखे दिसतात. समोरासमोर बसून शिकवताना हे जमायचं नाही, तेव्हा मशीनला एवढं श्रेय देऊन टाकतो.

आणखी एक. लॅपटॉपचं भिंग चष्म्याच्या फडक्याने पुसलं तर फडक्यावर पांढरं आलं. आम्ही हाताला टाल्कम लावतो, ते उडून तिथे बसत होतं. धुकं निम्मं तिथेच गेलं.

मोबाइल मात्र अर्ध्या तासात तापतो आणि चित्र अडखळतं.

खटपट्या:
कव्हर काढा, मोबाइलच्या पडद्याचा उजेड कमी करा आणि वर्ग चालू असताना चार्जिंग लावू नका. आधी भरून घ्या. आणि झूमवर असाल तर लॅपटॉपवर ओरिजिनल साउंड चालू करा. नाहीतर डग्ग्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारी गुंज, हा पंख्याचा आवाज समजून ते कापून टाकतं.