संदर्भसेवेच्या नोंदी आणि अहवाल : कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न (ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा)
आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात संदर्भविषयक प्रश्न अजून वहीत लिहिले जातात. कोणी कुलवृत्तांतात आपली शाखा शोधत येतो, कोणाला १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमधील बंदरांची माहिती हवी असते, तर मुंबईकर चाकरमानी गावच्या देवस्थानाविषयी फोनवर विचारतात. वार्षिक अहवालात मात्र केवळ देवघेवीचे आकडे जातात. कोणत्या विषयावर विचारणा झाली, उत्तराला किती वेळ लागला आणि काय अनुत्तरित राहिले, हे दाखवणारे सॉफ्टवेअर सुचवावे. कर्मचारी दोनच आहेत आणि पावसाळ्यात वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसतो.

उत्तर (महाविद्यालयीन ग्रंथपाल, कणकवली)
लिबअ‍ॅन्सर्स आणि रेफट्रॅकर ही याच कामासाठी तयार झालेली सॉफ्टवेअर आहेत. त्यांत आलेला प्रश्न ठरावीक कर्मचाऱ्याकडे सोपवता येतो आणि अहवालही काढता येतो; परंतु दोन्ही सशुल्क असल्याने आपल्या ग्रंथालयाला तो खर्च करावा असे मी म्हणणार नाही. कोहा हे ग्रंथालय व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी त्याचा मुख्य भर तालिका (ग्रंथांची सूची) आणि देवघेव यांवर आहे.

उत्तर (निवृत्त ग्रंथपाल, अलिबाग)
आधी रकाने ठरवावेत, सॉफ्टवेअर नंतर. तारीख, प्रश्न कसा आला, विषय, लागलेली मिनिटे, वापरलेला ग्रंथ आणि निष्पत्ती एवढे पुरे. यांतील ‘वापरलेला ग्रंथ’ हा रकाना कृपया गाळू नये, कारण जीर्ण झालेल्या कोणत्या खंडाचे डिजिटायझेशन आधी करावे, हे कार्यकारी मंडळाला त्यावरूनच पटवून देता येते. प्रश्नाची काठिण्यपातळी नोंदवण्यासाठी १ (सर्वांत सोपा) ते ६ (सर्वांत श्रमाचा) अशी रीड (READ) मापनश्रेणी वापरावी; उत्तर देण्यास किती श्रम पडले हे ती दाखवते. ग्रंथालयाची वेळ विचारणारा आणि वंशावळ शोधणारा या दोघांची नोंद सारखीच ‘एक प्रश्न’ अशी झाली, तर संदर्भसेवेतील श्रम कोणालाच दिसत नाहीत. हे सारे इंटरनेटविना चालणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या (स्प्रेडशीट) सॉफ्टवेअरमध्ये होते. वाचकाचे नाव व फोन वेगळ्या पत्रकात ठेवून काम संपताच काढून टाकावेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, सर. वीज नसताना काय करावे?

उत्तर (निवृत्त ग्रंथपाल, अलिबाग)
याच रकान्यांचे छापील तक्ते टेबलावर ठेवावेत आणि वीज येताच त्याच दिवशी नोंदी संगणकावर चढवाव्यात. विषयांची यादी मात्र दोघांनी मिळून आधीच निश्चित करावी. नाहीतर एक जण ‘देवस्थान’ लिहील, दुसरा ‘मंदिर’, आणि अहवालात एकच विषय दोन ठिकाणी विभागला जाईल.