चर्चा: मुठेल टाचेला की पोटालाही?

वेंगुर्ल्याची सून:
परवा बाजारात कोकम तेलाच्या वडीवर 'वजन घटवते' असं छापलेलं पाहिलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले की सालांची आमसुलं होतात आणि बिया खडखडीत वाळवून ठेवतात. पुढे सासूबाई त्या कुटून पाण्यात उकळतात. वर आलेला तवंग काढून निवला की थिजतो, मग मुठीत दाबून गोळा वळायचा, तेच मुठेल. तापल्या पळीवर तो गोळा टेकवून थेंब टाचेच्या भेगेत सोडायचा. चरचरतं, पण चार रात्रींत शेतात उतरता येतं. याचा गुण एवढाच, आणि तो पुरेसा आहे. वजनासाठी ज्याचं नाव घेतात ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल सालीत असतं, बियांच्या तेलात नव्हे.

कुडाळकर:
एवढाच कसा? आव पडली की आजी आम्हाला मऊ भातावर मुठेल घालून द्यायची. त्यावरच वाढलो आम्ही. युरोपात चॉकलेटात कोकोच्या लोण्याबरोबर ज्या सहा वनस्पतींची चरबी चालते, त्यांत आपलं कोकम आहे. खाण्याची वस्तू आहे ती.

दापोलीची नर्स:
खा की, कोण नको म्हणतंय? पण आव पडलेलं पोर सुकतं, त्याला आधी जलसंजीवनी द्या. शौचात रक्त दिसलं तर सरळ दवाखाना गाठा. आणि ती तापली पळी मधुमेहाच्या माणसापासून लांब ठेवा. गेल्या पावसात एक काका आले होते. पाय बधिर, थेंब जास्त तापलेला, टाचेला फोड आला तरी त्यांना पत्ता नाही. लादीवर ओला लाल ठसा उमटलेला सुनेने पाहिला, तेव्हा कळलं.

कुडाळकर:
पळीचं पटलं. मुठेल 40 अंशांच्या आसपास वितळतं, तळहातावर घासलं तरी लावण्याइतकं मऊ होतं. भातावरचं मात्र मी सोडणार नाही.

देवगडचा बागायतदार:
भांडताय खरं, पण औषध म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक वडी हातात घेत नाही. नुसतं 'भेगांसाठी' लिहून बचत गटाच्या बायकांना काय सुटणार? त्यांनी पण पोट भरायचं ना?

वेंगुर्ल्याची सून:
दादा, मी त्याच गटात आहे. वजन घटेल म्हणून एकदा घेणारी बाई पुन्हा येत नाही. भेग भरलेली दरवर्षी दोन वड्या मागून नेते. आमच्या वडीवर 'रातांब्याच्या बियांचं तेल, टाचेच्या भेगांसाठी' एवढंच असेल.