पाटीवरचे हर्ट्झ आणि शाफ्टचे फेरे

आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, मेट्रिक नाही, म्हणून मोटरचा वेग सरळ हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं असा, लिहावा, असं काही जण म्हणतात. मिनिट एसआयचं (आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचं) एकक नाही हे खरं, पण एसआयसोबत वापरायला त्याला रीतसर मान्यता आहे. आणि हर्ट्झने कारखान्यात नुसता घोळ होईल. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरची नेमप्लेट, म्हणजे तिच्यावरची पाटी, बघा: ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. यातले ५० हर्ट्झ विजेचे. शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, सेकंदाला २४ फेरे मारतो. व्हीएफडीच्या (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्लेवरही विजेचेच हर्ट्झ दिसतात. त्यात आणखी शाफ्टचे २४ हर्ट्झ घातले, तर फिटरने कोणते धरायचे?

गणिताला मात्र रेडियन प्रति सेकंदच हवं; रेडियन हे कोनाचं एकक, एका फेऱ्यात २π रेडियन. आमच्याकडे एका शिकाऊ पोराने ७.५ किलोवॅटच्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, काढताना (शक्ती भागिले वेग) ७५०० वॅटना थेट २४ ने भागलं. आला ३१२ न्यूटन-मीटर, आणि पठ्ठ्या निघाला दांडगं कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) मागवायला! २४ ला २π ने गुणलं की १५०.८ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे टॉर्क जेमतेम ५०. मी स्वतः वहीत रेडियन लिहितो, पाटीवर आरपीएमच ठेवतो.